दीड भाकरीचं प्रकरण

"गुरुवारी म्हाताऱ्याला मारायचं ठरवलंय," लानताई म्हणाली आणि समोरून सरकणाऱ्या कापडावर, तुटलेल्या धाग्यापाशी तिनं खडूची फुली मारली.

मी मशीनच बंद केलं.

"कुठल्या म्हाताऱ्याला?"

"आपल्या मेंगला. होडीवाल्याला."

"तो मरून कसं चालेल?"

"का? अमरपट्टा घेऊन आलाय का तो? मशीन चालू कर, वांगसाहेब बघतायत."

मी मशीन चालू केलं, पण त्या ताक्यातला पुढचा एकही दोष मला दिसला नाही. माझ्या डोळ्यांपुढे इचलकरंजीच्या आमच्या स्वयंपाकघरातलं ताट होतं. म्हातारा गुरुवारी गेला तर माझी आई काय जेवणार? चीनमधल्या एका काल्पनिक नावाड्याचा आणि इचलकरंजीतल्या ताटाचा काय संबंध, असं कोणीही विचारील. संबंध होता, आणि तो माझ्यामुळेच जुळला होता.

तेव्हा मी शाओशिंगजवळच्या कापडपेठेत होतो. आदगोंडामामांनी मला तिथं पाठवलं होतं. त्यांनी घेतलेलं कापड जहाजावर चढण्याआधी तपासून घ्यायचं, एवढंच माझं काम. मागवाल्याच्या घरात जन्मल्यामुळे कापडाचा दोष मला लांबून दिसायचा, आणि दोन वर्षांत चिनी भाषाही बऱ्यापैकी जमायला लागली होती. लानताई त्या तपासणीच्या शेडमध्ये नोकरीला होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिथंही थोरल्या बहिणीला लावायचा शब्द अशा बाईला लावतात, म्हणून ती माझी ताई. माझं चौगुले हे आडनाव तिच्या जिभेला झेपेना, म्हणून मी तिचा 'छोटा चौ'.

लानताई दिवसभर कापड तपासायची आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर कादंबरी लिहायची. तिकडे तशी रीतच आहे. रोज एक प्रकरण लिहायचं आणि दुपारी साइटवर टाकायचं. एक दिवस चुकला की वाचक लेखकाच्या दारात धरणं धरल्यासारखे 'पुढचं कुठाय, पुढचं कुठाय' करत बसतात. शिवाय प्रत्येक वाक्याखाली वाचकाला आपलं मत लिहायची सोय. आपल्याकडे भर कीर्तनात कोणी उठून 'बुवा, हे काही पटलं नाही' म्हणाला तर त्याला लोक बाहेर काढतील. तिथं अशा माणसासाठी खास जागा ठेवलेली. लानताई जेवताना एका हातानं नूडल्स खायची आणि दुसऱ्या हातानं ही मतं वाचायची. कधी खुदकन हसायची, कधी घास तोंडातच राहायचा.

आता माझ्या आईकडे येतो.

आदल्या उन्हाळ्यात आमचे आप्पा, माझे वडील, गेले. आई तेव्हा कुंभोजला मावशीकडे गेली होती. आप्पा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत, असं तिला सांगितलं. खरं तसं नव्हतं, पण भरतदादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तेच सांगायचं ठरवलं आणि घरानं ते पाळलं. मला फोनवर त्यानं दोन्ही सांगितलं होतं, झालं ते आणि आईपुढे म्हणायचं ते.

त्यानंतर आईचं जेवण सुटलं. आम्ही जैन. घरात दिवस मावळल्यावर कोणी जेवत नाही. आई संध्याकाळी ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि खिडकीकडे बघत राहायची. ऊन भिंतीवरून सरकून गेलं की "दिवस गेला की" म्हणून उठायची. तिनं उपास केला असं म्हणता येत नव्हतं, आणि ती जेवली असंही म्हणता येत नव्हतं. डॉक्टरांची टॉनिकं झाली, मुनिमहाराजांचा उपदेश झाला, मावशीचं रडणं झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मी रोज संध्याकाळी फोन करायचो. वहिनी फोन ताटाशेजारी ठेवून द्यायची. पण जेवलीस काय, जेवलो की, एवढं झाल्यावर बोलायचं तरी काय? एक दिवस काही सुचेना म्हणून मी आईला लानताईच्या कादंबरीतलं त्या दिवशीचं प्रकरण सांगितलं. गंमत म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. फोन ठेवल्यावर वहिनीचा निरोप आला, "भाऊजी, काय सांगितलंत ओ? अर्धी भाकरी गेली."

मग काय, रोजचा नेम झाला. तिकडे दुपारी प्रकरण यायचं, संध्याकाळी मी ते आईला मराठीत सांगायचो, आणि आई ऐकता ऐकता जेवायची.

कादंबरीचा नायक होता फंग नावाचा तलवारबहाद्दर. कौलांवरून उडायचा, एका वेळी वीस जणांना लोळवायचा. आईला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "त्यो उडाणटप्पू ऱ्हाऊ दे. त्येला नदीपलीकडं सोडला त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"कुठला म्हातारा?"

"होडीवाला. बायको पुलाखाली वड्या तळती म्हणालास न्हवं? ती एकटीच हाय काय? पोरंबाळं?"

लानताईनं त्या दोघांना चार ओळी दिल्या होत्या. म्हातारा मेंग आणि त्याची वड्या विकणारी बायको. आई त्यांना मेंगाप्पा आणि मेंगाक्का म्हणायची. मी आईचा प्रश्न चिनीत करून त्या वाक्याखाली टाकला. तिसऱ्या दिवशी मेंगाक्का चुलीसकट गोष्टीत हजर! मग आईनं विचारलं, "होडीला उशीर झाला तर ती भांडत न्हाई काय?" तेही टाकलं. मेंगाक्का हातात कालथा घेऊन काठावर आली आणि नवऱ्याला अशी फैलावर घेतली की वाचक हसून लोळले.

थोडी काटछाट मला करावी लागायची, हे खरं. त्या वड्या आंबवलेल्या सोयाच्या, गल्लीच्या टोकाला वास येणाऱ्या. वासाचं मी आईला सांगितलं नाही. मेंग रोज मासे खायचा, त्याचं मी दोडकं केलं. तो थंडीत गरम दारूचा पेला घ्यायचा, त्याचा मी उसाचा रस केला. इचलकरंजीपर्यंत पोचता पोचता मेंगाप्पा पक्के शाकाहारी झाले होते.

एकदा लानताईला ताप होता आणि प्रकरण आखूड निघालं. मी खाली लिहिलं, 'माझी आई ही गोष्ट ऐकत भाकरी खाते. आज गोष्ट आधी संपली आणि अर्धी भाकरी ताटात राहिली.' भाकरी म्हणजे काय, तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर हजारो लोकांनी त्या ओळीला पसंती दिलेली. आणि तिथून पुढे वाचक प्रकरणं भाकरीत मोजायला लागले. 'आज एक भाकरी.' 'आज पाऊणच.' 'बाई, आज चतकोरावर भागवलंत होय?' ज्या दिवशी प्रकरण फार रंगलं त्या दिवशी लोक 'दीड!' असं लिहून मोकळे व्हायचे.

"तुझ्या आईनं मला कामाला लावलंय," लानताई म्हणायची. पण प्रकरणं लांब व्हायला लागली. नाकापेक्षा मोती जड झाला. म्हातारा-म्हातारी एवढी फुगली की फंग आठ-आठ दिवस दिसेना. कुठं उडत होता कुणास ठाऊक. आणि आई खरोखर एका भाकरीवर आली होती. भाजी कशाची केली, असंही मधूनच विचारायची.

आणि आता ही बाई मेंगाप्पाला मारायला निघाली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. सगळं सांगितलं. खिडकीकडे बघत बसणारी आई, भिंतीवरून सरकणारं ऊन, वहिनीचे निरोप. लानताईनं नूडल्सचा वाडगा खाली ठेवला.

"मला वाटायचं, भाकरीची नुसती गंमत आहे," ती म्हणाली.

"गंमत नाही. म्हणून म्हणतो, त्याला राहू दे."

"नदीला पूर आलाय. पलीकडच्या मठात मुलं अडकलीत. दुसरा कोणी होडी काढायला तयार नाही. मग मेंग काय करेल?"

"एकदा बसू दे की काठावर."

"बसला तर तो मेंग असेल?"

मी खाली ठेवलेला वाडगा तिच्याकडे सरकवला.

"छोट्या चौ, वाचकांचं मी ऐकते," ती म्हणाली. "तुझ्या आईनं चूल मागितली, दिली. भांडण मागितलं, दिलं. भाकरीएवढी प्रकरणं मागितली, तीही दिली. पण माणसाचा स्वभाव वाचकांना विचारून बदलला तर उद्या तेच म्हणतील, बाई, हा कोण आणलात? तुझी आई तर पहिली म्हणेल."

गुरुवारी दुपारी प्रकरण आलं. मेंगनं तीन खेपांत सगळी मुलं अलीकडे आणली. चौथ्या खेपेला म्हाताऱ्या मठाधिपतीला आणायला गेला आणि वळणापलीकडे होडी उलटली. मी शेडच्या मागे उभा राहून वाचलं आणि चांगला रडलो. त्यात दुःख मेंगचं किती आणि धास्ती आईची किती, ते मला सांगता येणार नाही.

वाचक खवळले. शिव्यांनी पानच्या पानं भरली. तिकडे आवडतं माणूस गोष्टीत मारलं की लोक लेखकाला दाढीची पाती पाठवतात. राग दाखवायची ती रीत, अर्धी थट्टा, अर्धी खरी. साइटवाल्यांकडून लानताईच्या नावानं पात्यांची खोकी यायला लागली. वांगसाहेब आधी दचकले, मग एक पाकीट खिशात टाकून म्हणाले, "चांगली आहेत. अजून कोणाला मारणार असशील तर सांग." पुढचे कित्येक महिने आमच्या शेडमधला एकही पुरुष दाढी वाढवून दिसला नाही.

इकडे मी आईला ताकास तूर लागू दिली नाही. त्याच संध्याकाळी सांगितलं, की मेंगाप्पा पोरांना घेऊन सुखरूप आले, फक्त चौथ्या खेपेला होडी वाहवत गेली आणि ते झाडाची फांदी धरून राहिले. शुक्रवारी त्यांना फांदीवर बसवून ठेवलं. शनिवारी फांदीवरच. दुसरं काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रविवारी त्यांना कसंबसं घरी आणलं. वहिनीचे निरोप रोज उतरत होते. 'भाऊजी, आज अर्धी.' 'आज चतकोर.' 'आज नुस्ती आमटी.' माझ्या हाताखाली मेंगाप्पा जिवंत राहिले खरे, पण आईची भाकरी गेली.

त्या रविवारी मी सांगत होतो, की मेंगाक्कानं नवऱ्याला पाटावर बसवलं, अंगावर घोंगडं घातलं, गरम उसाचा रस दिला.

"थांब," आई म्हणाली. "भांडली न्हाई?"

"कशाला भांडंल? नवरा परत आला की."

"तीन दिस पुरात बेपत्ता. आणि आल्यावर ह्या बाईनं त्येला गपगुमान पाटावर बसवला? अरं, होडीला उशीर झाला तर कालथा घिऊन येणारी बाई ती. ही त्या बाईची गोष्ट न्हवं. ही तू मनानं करालास."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मारला न्हवं तिनं त्येला?"

"व्हय."

"कवा?"

"गुरुवारी."

"आणि तवापासनं मला फांदीवर बसीवलंयस."

"आई, तुझं जेवण..."

"माझं जेवण ऱ्हाऊ दे. कसा गेला ते सांग. सगळं सांग. गाळायचं न्हाई काय."

मी मोबाइलवर ते प्रकरण उघडलं आणि ओळीमागून ओळ मराठीत सांगत गेलो. पहिल्यांदाच काही न वगळता. चौथ्या खेपेआधी मेंग काठावर उभा राहतो आणि कमरेची बाटली काढून एक घोट घेतो, तिथं मी अडखळलो.

"रस न्हवं त्यो," आई म्हणाली.

"न्हवं. दारू."

"असू दे. गार पाण्यात जायचं हुतं त्येला."

मी पुढे सांगितलं. वळण, लाट, उलटलेली होडी. प्रकरण संपलं. गल्लीतल्या मागांचा खडखडाट तेवढा फोनवर ऐकू येत होता.

"आणि त्या वक्ताला मेंगाक्का काय करत हुती?"

"पुलाखाली हुती. वड्या तळत हुती. गिऱ्हाईक हुतं म्होरं. तिला काय म्हाईत न्हवतं."

"म्हंजे माझ्यागत," आई म्हणाली. "मी बी कुंभोजात जेवत बसलेवते. तुझ्या मावशीनं आमरस केलावता. दोनदा वाढून घेतला मी. हिकडं ह्यांचा जीव जात हुता आणि मी वाटी चाटून पुसून खाल्ली. घास उचलला की त्येच आठवतंय रं मला."

मला एकदम सगळं कळलं. इतके महिने आम्ही तिला औषधं पाजत होतो, आणि तिच्या घशात अडकली होती ती आमरसाची वाटी.

"आता तुझ्या आप्पांचं सांग," ती म्हणाली.

"आप्पा दुपारी झोपलेवते..."

"सुकुमार. झोपेत गेलेल्या माणसाच्या चपला दवाखान्यातनं येत न्हाईत. पिशवीतनं आल्या त्या. मी बघितल्यात. भरतची गोष्ट बी तुझ्यासारखीच हाय, गुळगुळीत. तू तरी सांग."

दादाला विचारावं, असं एकदा मनात आलं. पण आई थांबणार नव्हती, आणि आता मलाही थांबायचं नव्हतं.

"मागापाशी कोसळले," मी म्हणालो. "पर शुद्धीत हुते. दादानं गाडीत घातलं, चपला बी त्यानंच घातल्या पायात. वाटेत तुला फोन लावाय त्यानं मोबाइल काढला. आप्पांनी हात धरला त्याचा."

"का?"

"म्हणाले, 'आत्ता नगं. दिवस बुडाय आलाय. कळलं तर ती ताटावरनं उठंल, आणि मग सकाळपतोर उपाशी. पोटभर जेवू दे तिला. मग सांग.'"

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"दादानं ऐकलं त्यांचं. दिवस मावळल्यावर तुला फोन केला, तवर आप्पा गेलेवते. तुमचं दोघांचं शेवटचं बोलणं त्याच्यामुळं ऱ्हायलं, म्हणून दादा अजून सोताला खातोय. म्हणून त्यानं झोपेचं सांगितलं."

आई रडली. आप्पा गेल्यापासून ती कोणासमोर रडली नव्हती. मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडली. मीही इकडे रडत होतो. इतक्या लांब बसून आईचं रडणं ऐकावं लागू नये कोणाला, पण मला त्या रडण्यानं हलकं वाटत होतं, हेही तितकंच खरं.

"पोटभर म्हणाले?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"पोटभर म्हणाले."

"मरताना बी माझ्या ताटाची काळजी. आणि मला वाटलं..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग नाक पुसल्याचा आवाज आला आणि तिनं वहिनीला हाक मारली. "गीता, भाईर बघ गं. दिवस हाय काय अजून?"

"हाय की आत्या. अजून हाय वाईच," वहिनी सासूला म्हणाली.

"मग आण एक भाकरी. गरम आण. आणि भरतला बोलीव, मागावर असंल तर बंद करून ये म्हणावं. माझ्या म्होरं बसू दे जेवाय."

मी फोन ठेवला नाही. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकला. दादाच्या चपला उंबऱ्यापाशी वाजल्या. आई त्याला एवढंच म्हणाली, "बस. मला कळलंय सगळं. खा आधी." जेवणाऱ्या माणसांचे आवाज तेवढे येत होते. नंतर आईला माझी आठवण झाली.

"हाईस काय रं? त्या बाईला सांग, म्हाताऱ्याला मारलं ते बरोबर केलं. असा माणूस काठावर बसत न्हाई. पर मेंगाक्काला रडत बसवू नगं म्हणावं. तिसऱ्या दिशी तिची भट्टी पेटली पायजे. गिऱ्हाईक ताटकळंल. आणि वड्या तळल्या की पयली तिनं सोता खायाची."

"लिवतो."

"आणि गीता, अर्धी वाढ गं आणखी. दिवस हाय तवर."

फोन ठेवून मी गुरुवारचं प्रकरण पुन्हा उघडलं. त्याखाली अजूनही शिव्यांची भर पडत होती. 'बाई, तुम्हाला काळीज आहे का?' 'पाती मिळाली का? अजून पाठवतोय.' 'शून्य भाकरी!' सगळ्यात खाली जागा होती. आईचा निरोप मी तिथं जसाच्या तसा चिनीत लिहिला, पहिल्या वडीसकट. मग खाली आणखी एक ओळ लिहिली.

'आज दीड. आई स्वतः मागून जेवली.'